फुकटच्या सीड्या

द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलं की ते पाखरांना माणसांच्या आधी कसं कळतं, याचं माझ्या वडिलांना, आप्पांना, शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. आदल्या दिवशी मणी कडक, चावले तर दात आंबतील असे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुलबुल आणि साळुंक्या मांडवात हजर. मग नाशिकजवळच्या आमच्या मखमलाबादच्या मळ्यात जे आवाज सुरू व्हायचे ते माल निघेपर्यंत थांबत नसत. पत्र्याचा डबा बडवणं, आईची 'हाऽऽ हाऽऽ' अशी लांबवलेली आरोळी, शेजारच्या बागेतले फटाके, आणि या सगळ्यांच्या वर औषध फवारणाऱ्या ट्रॅक्टरची घरघर. मी वाढलो तो या आवाजांत, आणि ज्या संगीताच्या नादी लागलो ते जगातल्या सगळ्यात हळू बोलणाऱ्या वाद्यांचं होतं. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला त्यात काहीतरी काव्य दिसतं. मला कधी दिसलं नाही. एका घरातल्या दोन माणसांना एकमेकांचे आवाज सहन होत नव्हते, एवढंच त्यात होतं.

आप्पांची एक सवय सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. घरात कुठलीही नवी वस्तू आली की ते आधी तिची किंमत विचारत. वस्तू कशाची आहे, कशासाठी आहे, ते मागाहून. आईने पातेलं घेतलेलं असो, मी कंपासपेटी आणलेली असो की थोरल्या बहिणीने सासरहून पाठवलेला स्वेटर असो. 'कितीला?' आकडा ऐकला की मान हलवायची आणि म्हणायचं, 'लुबाडलं तुला.' आकडा कितीही लहान सांगा, उत्तर तेच. पाहुण्यारावळ्यांत त्याची थट्टा चालायची, बहीण तर मुद्दाम अर्धी किंमत सांगून बघायची, तरी लुबाडलं ते लुबाडलंच. आयुष्यभर त्यांच्या मालाला कोणीतरी दुसराच भाव लावत आला होता, तेव्हा दुसऱ्यांच्या खरेदीवर बोलायचा हक्क त्यांनी घरात बजावून घेतला असेल. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं. पण मी रागवायचो. कॉलेजात जायला लागल्यापासून मला त्या 'कितीला'चा असा तिटकारा आला होता की मी बाहेरून आणलेली वस्तू पिशवीच्या तळाशी लपवून घरात शिरायचो.

घर म्हणजे मळ्यातच बांधलेल्या तीन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. दुपारचं जेवण पडवीत व्हायचं. बाजरीची भाकरी, ठेचा, आणि विरळणीच्या दिवसांत काढून टाकलेले कच्चे मणी घालून केलेली तुरीची आमटी. चिंचेऐवजी आई ते मणी ठेचून टाकायची, आणि तो तुरट आंबटपणा नंतर मला कुठे मिळाला नाही. बायकोला दोनतीनदा करून पाहायला लावलं. तिने केलीही, पण नुसती आमटी झाली, ती आमटी झाली नाही. आप्पा जेवताना बोलत नसत. माझ्या खोलीतून सीडीचा आवाज आला तर घास थांबवून म्हणायचे, 'खिळं सांडल्यावानी काय वाजतंय रे ते?' ते हार्प्सिकॉर्ड असायचं. पियानोचा आजा म्हणावा असं वाद्य, यात तारा हातोडीने न मारता खुडून वाजवतात. आवाज खरोखरच पत्र्यावर खिळे सांडल्यासारखा येतो. आप्पांचे कान चांगले होते, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

या सगळ्याचं मूळ शरणपूरला होतं. तिथे चर्चच्या मागच्या गल्लीत शिरसाठ सर त्यांच्या बहिणीबरोबर, रत्नाबाईंबरोबर राहायचे. सरांनी लग्न केलं नव्हतं. शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं, दहावीला घरी बोलावून शिकवलं, आणि फी म्हणून दरवर्षी द्राक्षांची एक पेटी तेवढी घेतली. रविवारी ते चर्चमधली पायाने भाता मारायची मोठी पेटी वाजवायचे. उरलेल्या दिवशी संध्याकाळी ओसरीवर कॅसेट लावून बसायचे. मी शिकवणीला लवकर पोचलो की रत्नाबाई चहा आणि खारी पुढे ठेवायच्या आणि ओठावर बोट ठेवून खूण करायच्या, की कॅसेट संपेपर्यंत बोलायचं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कंटाळा आला. चौथ्या की पाचव्या वेळी लक्षात आलं, की एक सूर पुढे निघतो, त्याच्या मागून तोच सूर दुसऱ्या आवाजात निघतो, त्याला गाठत नाही आणि सोडतही नाही. मी सरांना तसं सांगितलं. सर म्हणाले, 'तुला गणितात मार्क का पडतात ते आज समजलं. हे तीनशे वर्षांपूर्वीचं आहे. बरोक म्हणतात याला. आणखी ऐकायचं असेल तर रोज पंधरा मिनिटं लवकर ये.' मी अर्धा तास लवकर जायला लागलो.

बी.एस्सी. झाल्यावर कॉलेज रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायला लागलो. तिथे इंटरनेट होतं, आणि मालकाकडे परदेशात चालणारं कार्ड होतं. नाशकात तेव्हा सीडीच्या दुकानात बरोक मागितलं की दुकानदार नव्या पॉप गाण्यांच्या कप्प्याकडे बोट दाखवायचा. पण पडद्यावर सगळं जग दुकान मांडून बसलं होतं. इंग्लंडातला एक, जर्मनीतली एक बाई, आणि हॉलंडमधला एक म्हातारा, जो जुन्या, वापरलेल्या सीड्या विकायचा. या म्हाताऱ्याशी माझं जमलं. तो प्रत्येक मेलमध्ये हवापाणी विचारायचा, मी द्राक्षांचं लिहायचो. टपालखर्च वाचावा म्हणून मी त्याला प्लास्टिकच्या डब्या काढून नुसत्या सीड्या कागदी पाकिटात पाठवायला सांगायचो. तो तशा पाठवायचा, माहितीपत्रक घडी करून आत घालायचा, आणि वर एखादी जास्तीची, न मागितलेली. क्लासमधली पोरं सिनेमे उतरवून घ्यायची आणि मी या पाकिटांची वाट पाहायचो. पाकीट यायला महिना, दीड महिना लागायचा. आता हे लिहिताना माझ्या फोनवर त्यातलं जवळजवळ सगळं एका बोटावर वाजतं, आणि माझा मुलगा विचारतो की तुम्ही एका सीडीसाठी दीड महिना करायचा काय. त्याला सांगता येत नाही.

पहिलं पाकीट आलं तेव्हा आप्पा पडवीतच होते. मी ते फोडलं, उघड्याबोडक्या चार सीड्या निघाल्या, आणि प्रश्न आला.

'कितीला?'

एका पाकिटाला माझा आठवड्याचा पगार गेला होता. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? 'लुबाडलं तुला' झालं असतं, दुसरं काही नाही. पण मला ते ऐकायचं नव्हतं. या एका गोष्टीवर त्यांचा तो शिक्का मला नको होता. मी म्हणालो, 'फुकट.'

'फुकट कोण देतं रे?'

'तिकडं लोक टाकून देतात. जुन्या झाल्या की. आपण मागितल्या की पाठवतात. टपालखर्च क्लास देतो.'

आप्पांनी एक सीडी उचलून उन्हात धरली. पडवीच्या पत्र्यावर सप्तरंगी ठिपका नाचला. 'येडी हायेत लोकं,' ते म्हणाले आणि खुशीत हसले. त्यांच्या हिशेबी मी पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाची खरेदी केली होती. नंतर ते ही गोष्ट चारचौघांत सांगायचे, आमच्या संदीपला फॉरेनहून फुकट माल येतो. मी खाली मान घालून ऐकायचो. प्रत्येक पाकिटाबरोबर खोटं थोडं जुनं होत गेलं, आणि जुनं झालेलं खोटं मोडायला पहिल्यांदा खरं सांगण्यापेक्षा जास्त हिंमत लागते, ती माझ्याकडे नव्हती. दोन वर्षांत माझ्या फळीवर साठसत्तर सीड्या झाल्या. सर त्यातल्या घेऊन जायचे, ऐकून परत करायचे, आणि प्रत्येकीबरोबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून द्यायचे की कुठे वाजवणारा घाई करतो आणि कुठे त्याला उमगलंय.

त्या दिवाळीनंतर सरांनी चिठ्ठ्या देणं बंद केलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सहज सांगितलं, जसं कोणी चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगतं. 'कान चाललेत माझे. डॉक्टर म्हणाले, वरचे स्वर आधी जातात. ते गेले. तुझं हार्प्सिकॉर्ड मला आता ऐकू येत नाही, नुसती बोटं आठवतात. खालचे अजून आहेत. पावसाळ्यापर्यंत तेही जातील म्हणतात.' मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. तरुण असताना त्यांच्याकडे एक रेकॉर्ड होती, मायदेशी परत जाताना एका पाद्र्याने दिलेली. गांबा नावाचं वाद्य, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं, आवाज खालचा, म्हाताऱ्या माणसाने हळू बोलावं तसा. कोणीतरी ती ऐकायला म्हणून नेली आणि आणून दिली नाही. सरांनी वाजवणाऱ्याचं नाव सांगितलं, कव्हरवर पाणचक्कीचं चित्र होतं ते सांगितलं, आणि त्यातला संथ तुकडा घशातल्या घशात गुणगुणून दाखवला. 'सीडी निघाली असेल तिची. गांबा खालचा आहे. तेवढा ऐकून घेईन म्हणतो.' रत्नाबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, 'दादा, त्याला कशाला त्रास?' सरांना ते ऐकू गेलं नाही.

मला ती सापडायला सव्वा महिना लागला. इंग्लंडवाल्याकडे नव्हती, जर्मनीतल्या बाईने उत्तरच दिलं नाही, आणि शेवटी हॉलंडच्या म्हाताऱ्याने लिहिलं की एक आहे, कुणाच्या तरी घरातून आलेल्या खोक्यात मिळाली, पाणचक्कीसकट. मी त्याला सरांबद्दल सगळं लिहिलं. त्याने उलट लिहिलं की उद्याच पोस्टात टाकतो, आणि तुमच्या गुरुजींना माझा नमस्कार सांगा. मी सायकल घेऊन तडक शरणपूरला गेलो आणि सरांच्या कानाशी ओरडून सांगितलं. सर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली आला. त्या दिवशी रत्नाबाईंनी खारीऐवजी शिरा केला.

इकडे मण्यांत पाणी उतरलं होतं. आप्पांना कोणीतरी सांगितलं की बागेत सीड्या टांगल्या की पाखरं चमकाऱ्याला बुजतात. आमच्या भागात तेव्हा सगळ्याच बागांमधून त्या टांगलेल्या दिसायच्या, सिनेमाच्या, भजनांच्या, लग्नांच्या. आप्पांनी मला विचारलं, 'तुझ्या त्या फुकटच्या देतो का चार-दोन?' मी घाईघाईने क्लासमधल्या बिघडलेल्या सीड्यांची पिशवीच आणून दिली. त्यांनी सुतळी ओवून ओळीओळीने टांगल्या. ऊन आलं की सगळा मांडव चकाकायचा आणि वारा आला की सुतळ्या पीळ घ्यायच्या. पाखरं खरोखर कमी झाली. आई डबा वाजवायची थांबली. घरात आठवडाभर अशी शांतता होती की मला माझी गाणी पुसट आवाजात लावून ऐकता आली.

मी पाकिटाची वाट पाहत होतो. दीड महिना झाला, पावणेदोन झाला. आईला रोज विचारायचो, पोस्टमन आला होता का. आई भाकरी थापता थापता म्हणायची, 'मला नाय बाई ठाव, आप्पास्नी विचार.' आप्पांना मी विचारलं नाही. पाकिटांचा विषय मी होऊन त्यांच्याकडे कधीच काढत नसे.

एका रविवारी सकाळी मी जेवणाचा डबा घेऊन बागेत गेलो. आप्पा तिसऱ्या ओळीत घडांखालची पानं काढत होते. मी डबा खाली ठेवला आणि वर पाहिलं. माझ्या डोक्यापासून हातभर लांब एक सीडी सावकाश फिरत होती. एका बाजूने चकाकी, दुसऱ्या बाजूने फिक्या साईच्या रंगाची छपाई, तिच्यावर लहान तपकिरी पाणचक्की. परत चकाकी, परत पाणचक्की. आप्पांनी हातातलं काम थांबवलं होतं.

'काय पाहतो रे?'

'काही नाही.'

'तुझीच हाय ती. परवा आली. त्या पाकिटात दोन व्हत्या. कामाची असली तर काढून घे.'

हे वाक्य मी आजवर मनात किती वेळा ऐकलं असेल ते सांगता येणार नाही. त्यांनी ते साधं, सावकाश म्हटलं, आणि म्हटल्यावर ते थांबले. पानं काढायला हात वर गेला नाही. मला फक्त हात वर करून सुतळी सोडायची होती. पण सोडली असती तर का सोडली ते सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर दोन वर्षांची सगळी पाकिटं त्यांच्यासमोर उघडी पडली असती, आणि ज्या माणसाने गावभर माझं शहाणपण सांगितलं होतं त्याच्या तोंडाकडे मला पाहावं लागलं असतं. मी चोवीस वर्षांचा होतो. भित्रा होतो असं म्हटलं तर स्वतःला फार सवलत दिल्यासारखं होईल. भित्र्याला निदान पळायचं असतं. मला तिथेच उभं राहून शहाणं दिसायचं होतं.

'राहू दे,' मी म्हणालो. 'फुकटचीच आहे.'

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत पानं काढायला लागले. चार दिवसांनी फवारणी झाली. ती सीडी ओरखडली आहे का, तिच्यावर औषधाचे डाग पडलेत का, हे मी जवळ जाऊन पाहिलं नाही. त्या ओळीतून जायचंच टाळलं.

सरांना मी सांगितलं की पाकीट आलं नाही. दर दोनतीन दिवसांनी ते विचारायचे, आणि मी टपाल खात्याला नावं ठेवायचो. हळूहळू मला त्यात रंग भरता यायला लागला. मुंबईत अडकलं असेल, पावसाळ्यात एकदा असंच झालं होतं, परदेशी पाकिटं चोरतात म्हणे. सर माझी समजूत काढायचे. हॉलंडच्या म्हाताऱ्यालाही तेच लिहिलं, कारण त्याने दोनदा विचारलं होतं की गुरुजींना आवडली का. त्याचं उत्तर आलं की त्याला फार वाईट वाटलं, पाकीट नीट नोंदवून पाठवायला हवं होतं, चूक त्याचीच. म्हणजे माझ्या एका खोट्यासाठी जगातली दोन सज्जन म्हातारी माणसं एकमेकांना न पाहता अपराधी वाटून घेत होती. मी दोघांनाही तसं वाटू दिलं.

माल निघायच्या आठवड्यात आप्पा म्हणाले, 'दर वर्षी पेटी नेऊन देतो तू सरांला. औंदा बागेत घेऊन ये. त्यांच्या हातानं तोडू दे.' मी टाळायला पाहिलं, पण आप्पांनी परस्पर निरोप धाडला होता. सर आणि रत्नाबाई रिक्षाने आले. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आईने त्यांच्यासाठी विरळणीतले कच्चे मणी मिठात राखून तीच आमटी केली होती. आप्पा त्यांना मांडवाखालून हिंडवत होते, ऐकू यावं म्हणून ओरडून बोलत होते, आणि सर पाठीवर हात बांधून मान डोलवत होते. सर उंच होते, मांडव त्यांना ठेंगणा पडायचा. मी मागून चालत होतो आणि ओळी मोजत होतो. तिसऱ्या ओळीत वळताना सीडी त्यांच्या कपाळाला लागली.

त्यांनी ती हाताने धरली, नुसती फिरायची थांबावी म्हणून. मग चष्मा वर केला. छपाई उन्हाने उडाली होती, तरी पाणचक्की दिसत होती. ते बराच वेळ वाचत राहिले. आप्पा कौतुकाने ओरडले, 'आमच्या संदीपला येतात ह्या परदेशातून! फुकट! पाखरू शिवत नाय बगा!'

'हो का,' सर म्हणाले. त्यांनी सीडी अलगद सोडली. ती परत फिरायला लागली. 'चांगला उपयोग केलात, आप्पा.' मग त्यांनी हात वर करून एक घड तोडला, दोन मणी खाल्ले आणि गोडीचं कौतुक केलं. जेवताना आमटी मागून घेतली. माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलले. फक्त रिक्षात बसताना, रत्नाबाई आईचा निरोप घेत असताना, ते मला म्हणाले, 'टपाल खात्याला उगाच नावं ठेवली रे आपण.' त्यांनी 'आपण' म्हटलं. तू म्हणाले असते तर मी काहीतरी बोललो असतो.

रिक्षा वळून गेली आणि आप्पा माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी सरांचं तोंड पाहिलं होतं.

'ती सरांची व्हती?'

मी होय म्हणून मान हलवली.

'मग बोलला का नाय?' ते ओरडले नाहीत. 'पोस्टमननी पाकिटावरची किंमत वाचून दाखवली मला. वर ड्युटी घेतली. फुकटच्या मालावर सरकार ड्युटी घेत नसतं, येवढं कळतं मला. म्हणलं, दोन वर्सं पोरगं आपल्याला येड्यात काढतंय. टांगली. म्हणलं, आता तरी तोंड उघडंल. तू आला, तिच्याकडं पाहिलं, मी तुला काढून घे म्हणलो. तवर दोनच दिस झाले व्हते तिला. काय म्हणला तू?'

मी रिक्षा गेली त्या वाटेकडे पाहिलं.

'सरांची हाय म्हणला असता तर मी सवता नेऊन दिली असती. डोक्यावर घेऊन नेली असती.' ते पडवीत जाऊन बसले आणि संध्याकाळी जेवले नाहीत. माझी चूक होतीच, आणि ती मी कमी करून सांगत नाही. पण मला आप्पांचाही राग आला, तो पुढे अनेक वर्षं टिकला. माझ्याकडून खरं वदवून घ्यायला त्यांनी एक न ऐकलेलं संगीत उन्हात टांगलं, आणि मी गप्प आहे असं दिसल्यावर चार दिवसांनी त्यावर फवारणी होऊ दिली. विचारता आलं असतं त्यांना. आमच्या घरात किंमतच तेवढी विचारली जायची, दुसरं काही विचारायची कोणाला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मला न सांगता त्यांनी ती सीडी काढली, साबणाच्या पाण्याने धुतली, आईच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली आणि सायकलवर शरणपूरला गेले. तिथलं मला पुढे रत्नाबाईंकडून कळलं. सरांनी ती लावली. पहिले दोन तुकडे वाजले, आणि संथ तुकड्यावर सीडी अडकली, एकच सूर पुन्हा पुन्हा. आप्पा टोपी हातात घेऊन ओसरीवर बसले होते. म्हणाले, 'सर, दुसरी मागवू. कितीलाही पडू दे.' सर म्हणाले, 'दुसरी येईल हो. तोपर्यंत मला ऐकू येत असेल की नाही, सांगता येत नाही.' माझ्या बापाने आयुष्यात एकदाच 'कितीलाही' म्हटलं, आणि ते ऐकायला मी तिथे नव्हतो.

सरांकडे मी त्यानंतर गेलो, पण पूर्वीसारखं बसणं झालं नाही. त्यांनी मला एका शब्दाने दुखवलं नाही. त्यांच्याकडे राहिलेल्या माझ्या सगळ्या सीड्या त्यांनी एका पिशवीत भरून परत केल्या. काहींत दिवाळीआधी लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, नवी एकही नव्हती.

पाऊस सुरू झाल्यावर हॉलंडहून एक पाकीट आलं. मी काही मागवलं नव्हतं. म्हाताऱ्याने स्वतःच्या संग्रहातली तीच सीडी पाठवली होती, या वेळी डबीसकट, कापसात गुंडाळून. सोबत हाताने लिहिलेलं कार्ड होतं, की हरवलेल्या पाकिटाबद्दल क्षमस्व, ही तुमच्या गुरुजींना माझ्याकडून भेट, पैसे पाठवू नयेत. मी ती शरणपूरला नेली. सरांनी पाणचक्की पाहिली, डबी उघडलीसुद्धा नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या कानाकडे बोट दाखवून नाही म्हणून मान हलवली. पुढे ते गेल्यावर रत्नाबाईंनी ती मला परत दिली. आज माझ्या फळीवर आहे. संथ तुकडा सुरू झाला की मी बंद करतो.

पण मला सांगायचं होतं ते पाकीट आलं त्या दिवसाचं. पावसामुळे आप्पा घरातच होते. पाकीट त्यांच्याच हातात आलं होतं, त्यांनी ते न फोडता माझ्यासमोर ठेवलं. मी फोडलं. डबीवरची पाणचक्की त्यांनी ओळखली. मग त्यांनी विचारलं, 'कितीला?'

'फुकट,' मी म्हणालो. 'आप्पा, खरंच फुकट आहे. त्याने भेट पाठवली आहे.' मी कार्ड पुढे केलं. ते इंग्रजीत होतं.

त्यांनी कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि परत दिलं. 'बरं,' म्हणाले आणि इरलं घेऊन बागेत गेले. त्यानंतर मी स्कूटर घेतली, फ्लॅट घेतला, त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. ते वस्तू हातात घेऊन पाहायचे, चांगली आहे म्हणायचे. बहिणीला विचारायचे, आईला विचारायचे, नातवाला त्याच्या पेन्सिलीची किंमत विचारून लुबाडलं तुला म्हणायचे. मला त्यांनी कुठल्याच वस्तूची किंमत पुन्हा विचारली नाही.